असईच्या तोफा, इंचभर उंचीच्या

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे बहुधा ढाल-तलवारवाले असतात. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला उभी राहिलेली मराठी फौज अशी नव्हती. आज जालना जिल्ह्यात असलेलं हे गाव १९८१पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. ती फौज मी जुन्या धाटणीच्या, इंचभर उंचीच्या शिपायांतून उभी करतोय. ऑफिस सुटलं की रंगकाम.

शंभर माणसांमागे एक शिपाई धरला, तर दौलतराव शिंद्यांचं कवायती पायदळ सुमारे ११० शिपायांचं होतं. त्यांच्या हाती बंदुका आणि सेनानी पोलमान हा जर्मन. घोडेस्वार त्यांच्या दुपटीहून जास्त, पण त्यांतले बहुतेक लढाईत उतरलेच नाहीत. त्यामुळे टेबल घोड्यांनी भरतं आणि लढाई मात्र तोफांपाशी होते.

इंग्रज चालून आले तरी गोलंदाज तोफांपासून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि शत्रू पुढे जाताच मागून पुन्हा तोफा डागू लागले. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले. लढाई त्याने जिंकली आणि पुढे वॉटर्लूही. पण त्या दिवशी त्याला खरी किंमत मोजायला लावली ती घोड्यावरच्या सरदारांनी नव्हे, तोफेला बिलगून राहिलेल्या पायउतार माणसांनी.