कृषी पर्यटन: एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला हा जोडधंदा परवडतो का?

डिसेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर हुरडा पार्टीचे रील्स सुरू होतात. आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेले गरमागरम हिरवे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. शहरातली कुटुंबं माणशी पैसे मोजून शेतावर येतात, दिवसभर रमतात आणि संध्याकाळी घरी जातात. हे रील्स बघून गावाकडच्या अनेकांना प्रश्न पडतो, आपल्या दीड एकरात हे जमेल का?

जमू शकतं. पण सुरुवात कुठून करता यावर बरंच अवलंबून आहे.

महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. रायगड जिल्ह्यात नेरळजवळची सगुणा बाग अनेक वर्षांपासून पर्यटकांना भात, मासे आणि म्हशींच्या दुनियेत घेऊन जाते. पांडुरंग तावरे यांनी १६ मे २००५ रोजी कृषी पर्यटन विकास संस्था सुरू केली आणि बारामती परिसरातून या व्यवसायाचा प्रसार केला. १६ मे हा दिवस आता जागतिक कृषी पर्यटन दिन म्हणून साजरा होतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे. तिथे मोर बघायला लोक येतात आणि गावातली कुटुंबं त्यांच्या जेवणाची, राहण्याची सोय करतात. लहान शेतकऱ्यानं शिकायचं असेल तर मोठ्या बागेपेक्षा या गावाकडून शिकावं. पाहुणा गावाच्या नावानं येतो, त्यामुळे एकट्याच्या शेतात सगळंच असावं लागत नाही.

हुरड्याचं गणित

ज्वारीचा दाणा दुधाळ अवस्था ओलांडून भरत येतो, पण अजून कोवळा असतो, तेव्हा त्याचा हुरडा होतो. ही अवस्था काही दिवसच टिकते, नंतर दाणा कडक होतो. म्हणून जाणकार शेतकरी सगळं रान एकदम पेरत नाहीत. दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तुकडे पाडून पेरणी केली, तर हंगाम लांबवता येतो. वाणही वेगळे असतात. सुरती आणि गूळभेंडी ही हुरड्यासाठी जुनी, लोकप्रिय नावं.

केंद्र सरकारनं २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर केला, म्हणजे किलोला साधारण साडेसदतीस रुपये. शेतावर आलेला पाहुणा नुसत्या ज्वारीचे पैसे देत नाही. तो भाजण्याचे, वाढण्याचे, सावलीत बसण्याचे आणि पिठलं-भाकरीच्या जेवणाचेही पैसे देतो. लहान शेताला फायदा होतो तो इथेच. माल तेवढाच, पण तो मंडईत न जाता पानात जातो.

खोल्या बांधायच्या का?

एक काल्पनिक हिशेब करून बघू. वर्षात शनिवार-रविवार मिळून साधारण १०४ दिवस येतात. ऊन, धो धो पाऊस आणि परीक्षांचे दिवस वगळून त्यातले ४० दिवस पाहुणे आले असं समजा. रोज सरासरी १५ जण, माणशी ६०० रुपये. एकूण जमा ३ लाख ६० हजार. किराणा, जळण, मदतनीस, साफसफाई यात निम्मे गेले तर हातात १ लाख ८० हजार राहतात.

आता १० लाखांचं कर्ज काढून खोल्या बांधल्या आणि व्याजदर ११ टक्के असेल, तर पहिल्या वर्षाचं व्याजच जवळपास १ लाख १० हजार होतं. मुद्दल वेगळं. खोल्यांचं भाडं मिळेल हे खरं, पण सोमवार ते शुक्रवार त्या रिकाम्या राहिल्या तरी हप्ता थांबत नाही. म्हणून पहिली दोन वर्षं एक दिवसाची सहल, स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि एक मोठी शेड एवढ्यावर भागवणं शहाणपणाचं. स्वच्छतागृहात मात्र कंजुषी नको. ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त राग तिथलाच निघतो.

नोंदणी कशी?

राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. नोंदणीचं काम पर्यटन संचालनालयाकडे आहे. किमान एक एकर शेती लागते, मुक्कामाची सोय करायची असेल तर क्षेत्राची अट वाढते. नोंदणी शुल्क २,५०० रुपये आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचे १,००० रुपये धोरणात ठरवले आहेत. आठ खोल्यांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना विभागाची परवानगी लागणार नाही, असंही त्यात म्हटलं आहे. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल आणि अन्न परवान्याची कागदपत्रं तयार ठेवा.

सातबारावर चुलत्यांची, भावांची नावं असतील तर आधी घरात बसून बोला. धंदा चालायला लागल्यावर वाटणीचा विषय निघाला, की तो गोडीनं सुटणं अवघड जातं.

करांबाबत एक गैरसमज आहे. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असलं तरी पाहुण्यांच्या जेवणातून आणि खोलीभाड्यातून येणारा पैसा सर्वसाधारणपणे व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो. त्याची वही वेगळी ठेवा. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर त्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते.

रीलमध्ये न दिसणारं काम

पहाटे पाचला चूल पेटते, ती बहुतेक घरांत बायका पेटवतात. शंभर भाकरी थापायच्या, पाहुणे गेल्यावर भांडी घासायची आणि सोमवारी पुन्हा शेतात खुरपायला जायचं. 'घरचंच माणूस' म्हणून ही मजुरी हिशेबात धरली जात नाही. वरच्याच उदाहरणात सासू-सुनेला दिवसाला प्रत्येकी ४०० रुपये धरले, तर ४० दिवसांचे ३२ हजार होतात. १ लाख ८० हजारांतून ते वजा केले की उरतात १ लाख ४८ हजार. बँकेत कर्ज मागायला जाताना हा आकडा घेऊन जा.