जुहूच्या नाट्यगृहामागची इंग्रज नटमंडळी

नाट्यवाङ्मयाचा इतिहास आपण शिकवतो, तेव्हा तो बहुधा संहितांचा इतिहास असतो. नाटककार, प्रथम प्रयोगाचे साल, अनुवाद की रूपांतर, एवढ्यावर प्रश्नपत्रिका भागते. ज्यांनी ती संहिता गावोगाव नेली त्या नटांचे आयुष्य तळटीपेतही क्वचितच येते. मुंबईच्या उपनगरांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना ही उणीव जाणवली ती एका अनपेक्षित संदर्भात. अंधेरीपासून हाकेच्या अंतरावर, जुहूला, उभे असलेले पृथ्वी थिएटर हे एका इंग्रज नटकुटुंबाच्या कारकिर्दीचे फलित आहे; आणि त्या कारकिर्दीचा धागा थेट मराठी नाटकापर्यंत येऊन पोहोचतो.

जेफ्री केंडल यांचा जन्म 1909 चा. मूळ आडनाव ब्रॅग. जन्मगावाचे नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या करमणुकीसाठी निघालेल्या नाटकमंडळींबरोबर ते आणि त्यांच्या पत्नी लॉरा लिडेल हिंदुस्थानात आले. पुढे 1947 मध्ये ते पुन्हा येथे आले, ते स्वतःची 'शेक्सपिअराना' ही मंडळी घेऊन. राज्यकर्ते परत जात असताना हा नट येत होता, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. मंडळींनी शाळा, महाविद्यालये, संस्थानिकांचे दरबार, थंड हवेची ठिकाणे अशा नाना जागी शेक्सपिअरचे प्रयोग केले. कलकत्त्यात उत्पल दत्त त्यांच्यात सामील झाले. पुढे पृथ्वीराज कपूर यांचे धाकटे चिरंजीव शशी कपूरही या मंडळींत आले. केंडल यांची थोरली कन्या जेनिफर आणि शशी कपूर यांचा विवाह 1958 मध्ये झाला.

मराठी वाचकाला हे बिऱ्हाड परके वाटू नये. मालक, त्याचे कुटुंब, मुक्कामाची अनिश्चितता, ट्रंकांत भरलेले पोशाख, एकाच रात्री दोन भूमिका करणारा नट, हे सारे आपल्या संगीत आणि गद्य नाटकमंडळ्यांच्या इतिहासात आहेच. शेक्सपिअरही आपल्याकडे केंडलांच्या कितीतरी आधी आला होता. आगरकरांचे 'विकारविलसित' 1883 चे आणि देवलांचे 'झुंझारराव' 1890 चे. शाहूनगरवासी मंडळीतील गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट तर दंतकथाच झाला. फरक आहे तो असा, की गणपतरावांचा प्रेक्षक त्यांच्याच भाषेचा होता. केंडलांचा प्रेक्षक मुख्यतः इंग्रजी शिक्षणाने घडवलेला होता. त्या शिक्षणामागची सत्ता सरली तशी प्रेक्षकाची गरजही पालटणार, हे अटळ होते.

जेम्स आयव्हरी यांच्या 'शेक्सपिअर वाला' (1965) या चित्रपटाचा विषय हाच आहे. केंडलांच्या रोजनिशीचा त्याला आधार होता, आणि पडद्यावरील बकिंगहॅम दांपत्याची कामे जेफ्री आणि लॉरा यांनीच केली. धाकटी फेलिसिटी तीत त्यांची कन्या झाली. सिनेमाच्या झगमगाटापुढे मागे पडत चाललेली मंडळी, आणि इंग्लंडला पाठवली जाणारी मुलगी, असा त्याचा शेवट. फेलिसिटी पुढे खरोखरच इंग्लंडला गेली. बीबीसीवरील 'द गुड लाइफ' (1975-78) या मालिकेने ती घराघरांत पोहोचली आणि टॉम स्टॉपर्ड यांच्या 'द रिअल थिंग' (1982), 'आर्केडिया' (1993), 'इंडियन इंक' (1995) या नाटकांत तिने प्रमुख भूमिका केल्या. ब्रिटिश नटीची यशस्वी कारकीर्द म्हणतात ती हीच.

मग जेनिफरची कारकीर्द कोणत्या मापाने मोजायची? तिचे चित्रपट मोजकेच. श्याम बेनेगल यांचा 'जुनून' आणि अपर्णा सेन यांचा '36 चौरंगी लेन' (1981) हे त्यांतले ठळक. दुसऱ्या चित्रपटातील अँग्लो-इंडियन शिक्षिकेच्या भूमिकेसाठी ब्रिटिश चित्रपट अकादमीचे नामांकन तिला मिळाले. त्या चित्रपटाच्या अखेरीस एकाकी वृद्ध शिक्षिका रस्त्याने लिअरचे शब्द म्हणत चालते. मराठी प्रेक्षकाला येथे शिरवाडकरांचा 'नटसम्राट' (1970) आठवल्यावाचून राहणार नाही. बेलवलकरांच्या तोंडी लिअर मराठी होऊन आला आहे. शिक्षिकेच्या तोंडी तो वर्गात शिकवलेला धडा आहे. पण ज्यांच्यापाशी घर उरले नाही त्यांच्यापाशी नाटकातले शब्द उरतात, हा अनुभव दोहींकडे एकच.

आमच्या मते जेनिफरचे खरे कर्तृत्व पडद्याबाहेर आहे. पृथ्वीराज कपूर यांची 'पृथ्वी थिएटर्स' ही फिरती संस्था 1944 मध्ये सुरू होऊन 1960 मध्ये बंद पडली. तिला स्वतःचे नाट्यगृह कधीच मिळाले नाही. 1972 मध्ये ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ शशी कपूर आणि जेनिफर यांनी जुहूला सुमारे दोनशे आसनांचे नाट्यगृह बांधले. वास्तुशिल्पी होते वेद सेगन. रंगमंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक आणि नट अगदी हाताच्या अंतरावर, ही रचना आयुष्यभर मिळेल त्या जागी प्रयोग केलेल्या मंडळींच्या मुलीलाच सुचावी अशी आहे. 5 नोव्हेंबर 1978 रोजी त्याचे उद्घाटन झाले. पहिले नाटक होते गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीतून; भूमिकांत नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी. विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे उभ्या केलेल्या डाव्या प्राध्यापकाचे हे मराठी नाटक. इंग्रज नटीने उभ्या केलेल्या रंगमंचाचा पडदा त्याने उघडला, ही घटना मराठी नाट्येतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे नोंदली जायला हवी होती.

ती तशी नोंदली जात नाही, याचे कारण आपली वाटणी. व्यावसायिक मराठी नाटकाला मोठ्या नाट्यगृहाचा गल्ला लागतो; म्हणून विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार, मुलुंडचे कालिदास ही 'आपली', आणि जुहूचे छोटे नाट्यगृह हिंदी-इंग्रजीवाल्यांचे, असे आपण मानून चालतो. या वाटणीमागे हिशेब आहे हे आम्हांला मान्य आहे. पण अर्थकारणाची वाटणी इतिहासलेखनाने जशीच्या तशी उचलावी, हे मान्य नाही.

जेनिफर 1984 मध्ये लंडनला गेली, ती परत आली नाही. कर्करोगाने तिथेच तिचे निधन झाले. जेफ्री केंडल 1998 मध्ये गेले. नटाची कला त्याच्याबरोबर संपते असे आपण सहज म्हणतो. केंडलांच्या बाबतीत ते पूर्ण खरे नाही. 'नटसम्राट' शिकवताना एखाद्या तासाला विद्यार्थ्यांना जुहूला न्यावे, आणि मग या कारकिर्दी कोणत्या भाषेच्या इतिहासात बसवायच्या, हे त्यांनाच विचारावे.