पक्षोल्लंघन, राष्ट्रपती-निवडणुकीतील

स्वपक्षाने पुरस्कारिलेल्या उमेदवारास डावलून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्यास मत देण्याचा मतदाराचा निर्णय. भारतात ही निवड जनता प्रत्यक्ष करीत नाही. संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदान्वये संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या व विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांचे जे मतदारमंडळ बनते, त्याच्याकडे ती सोपविलेली आहे. मतदान गुप्त असून एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे उमेदवारांपुढे पसंतीचा अनुक्रम मांडून, करावयाचे असते. पक्षाला या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही आणि १९८५ साली संविधानात दाखल झालेल्या दहाव्या अनुसूचीतील पक्षांतरबंदीचाही अंमल येथे चालत नाही. सभागृहात पक्षाच्या हुकमाबाहेर हात वर करण्याची ज्याला सोय नाही, त्या खासदार-आमदाराला येथे स्वतःच्या विवेकाशी एकांत मिळतो. हा एकांत संविधानाने दिलेला आहे, आणि म्हणूनच त्याचा उपयोग करणाऱ्यास सरसकट पक्षद्रोही ठरविणे न्यायाचे नाही.

या एकांताची खरी कसोटी १९६९ साली लागली. ३ मे रोजी झाकिर हुसेन पदावर असतानाच निवर्तले. जुलैमध्ये बंगलोर येथे भरलेल्या काँग्रेसच्या संसदीय मंडळाच्या बैठकीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सुचविलेले जगजीवनराम यांचे नाव मागे पडून नीलम संजीव रेड्डी यांची बहुमताने निवड झाली, स. का. पाटील व मोरारजी देसाई यांच्याबरोबर यशवंतराव चव्हाण यांचेही मत रेड्डींच्या पारड्यात पडले. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधानांची सही होती. मात्र त्याच सुमारास मोरारजींकडील अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलै रोजी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. पुढे काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्याशी मसलत केली, तेव्हा ते निमित्त करून पंतप्रधानांनी पक्षादेश काढण्यास नकार दिला व सदस्यांनी आपल्या सद्सद्विवेकबुद्धीनुसार मत द्यावे, असे आवाहन केले. हे आवाहन सत्तेच्या सर्वोच्च स्थानावरून झालेले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. मनापासून गिरींकडे वळलेले सदस्य कोणते आणि वरिष्ठांचा कल ओळखून वळलेले कोणते, हे गुप्त मतपत्रिकेवरून ठरणे अशक्य आहे. पण एक आज्ञा मोडून दुसरी पाळणे याला विवेकाचे मत म्हणता येणार नाही, आणि असे मत देणारेही त्या दिवशी थोडे नसावेत.

तिसरे प्रमुख उमेदवार चिंतामणराव देशमुख हे जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या पाठिंब्याने उभे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून महाराष्ट्राला त्यांच्याविषयी आदर होता. स्वतः विजयी होण्याइतके बळ त्यांच्यामागे नव्हते, तरी निकालाची किल्ली त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीत दडलेली होती. १६ ऑगस्टच्या मतदानाची मोजणी २० ऑगस्ट रोजी झाली, तेव्हा मतमूल्यांच्या पहिल्या गणनेत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ अशी मते पडली. विजयास ४,१८,१६९ चा कोटा गाठणे आवश्यक होते आणि तो कोणालाच गाठता आला नाही. बाद झालेल्या उमेदवारांच्या पुढील पसंतीच्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे, तर अवघी १८,५६२ गिरींकडे गेली. तेवढ्यावर गिरी ४,२०,०७७ पर्यंत पोहोचले व रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुखांच्या मतदारांनी आपल्या पक्षांचा शब्द बहुतांशी पाळला. निकाल फिरला तो काँग्रेसच्याच सदस्यांमुळे, आणि त्यानंतर तीन महिने लोटण्यापूर्वीच, १२ नोव्हेंबर रोजी, पंतप्रधानांची पक्षातून हकालपट्टी होऊन काँग्रेस दुभंगली. चव्हाण तेव्हा इंदिरा गांधींसोबत राहिले.

रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक मतदारांत वाटले गेल्याच्या तक्रारीवरून ही निवड सर्वोच्च न्यायालयात गेली. गिरी राष्ट्रपतिपदावर असताना स्वतः साक्षीस उभे राहिले. अर्ज १९७० साली फेटाळण्यात आले. रेड्डी १९७७ साली त्याच पदावर बिनविरोध निवडून आले.

आघाडीची सीमा अख्ख्या पक्षाने ओलांडणे हा याहून निराळा प्रकार होय. २००७ साली शिवसेनेने राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही भैरोसिंह शेखावत यांच्याऐवजी प्रतिभा पाटील यांना आणि २०१२ साली प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला; यांपैकी पहिल्या प्रसंगी मराठीपणाचा अभिमान उघडपणे बोलून दाखविला गेला. अशा वेळी सदस्य पक्षासह जातो, त्यामुळे एकट्याने निर्णय घेण्याचा भार त्याच्यावर पडत नाही. एकट्यादुकट्याने केलेले उल्लंघन मात्र मोजणीतूनच उघडकीस येते : खासदारांच्या मतपत्रिका हिरव्या व आमदारांच्या गुलाबी असतात आणि राज्यवार आकडे जाहीर होतात, त्यामुळे कोणत्या राज्यात किती मते फुटली याचा अदमास बांधता येतो, मत कोणाचे हे मात्र कळत नाही.