सस्पेन्शनचे बोल्ट : कोणता वॉशर लावायचा आणि आट्यांना काय लावायचं?

गाडी खड्ड्यातून गेली की लोअर आर्म, शॉकअॅब्सॉर्बर आणि लिंक रॉडच्या बोल्टना आडवा झटका बसतो. बोल्ट सैल पडला तर आधी खडखड ऐकू येते, मग अलाइनमेंट बिघडतं आणि शेवटी स्टिअरिंगचा ताबाही जाऊ शकतो. म्हणून हा छोटा विषय नीट समजून घेऊया.

बोल्ट धरून कसा ठेवतो?
आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. पान्याने लावलेल्या जोरापैकी साधारण १० टक्केच ताणात उतरतो, बाकीचा घर्षणात जातो. त्यामुळे वॉशर बदलला किंवा आट्यांना काही लावलं, की सगळा हिशोब बदलतो.

वॉशर कोणता?
- सपाट वॉशर: दाब पसरवतो, पण बोल्ट सैल होणं थांबवत नाही. डोक्यावर १०.९ लिहिलेल्या बोल्टला कडक केलेलाच वॉशर हवा. मऊ वॉशर दबतो आणि ताण कमी होतो.
- स्प्रिंग वॉशर: पूर्ण आवळल्यावर सपाट होतो, मग त्याचा फारसा उपयोग उरत नाही. आडव्या हादऱ्यांनी बोल्ट आपोआप फिरून सुटतो, हे जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं. तिथे हा वॉशर कमी पडतो.
- वेज लॉक वॉशर: जोडीने बसतो. बोल्ट उलटा फिरू लागला की आतले उतार ताण उलट वाढवतात.
- फ्लँज बोल्ट: त्याची रुंद कडाच वॉशरचं काम करते. वेगळा वॉशर घालू नका.

आट्यांना काय?
- निळा थ्रेडलॉकर: मध्यम ताकदीचा, साध्या पान्याने सुटतो. आटे स्वच्छ आणि तेलविरहित हवेत.
- लाल थ्रेडलॉकर: काढायला बहुतेक वेळा २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. शेजारी रबरी बुश असेल तर ते जळेल, म्हणून सहसा टाळा.
- नायलॉनचा नट: एकदा काढला की नवीनच लावा.
- अँटी-सीझ: कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो, म्हणून ते लावायचा मोह होतो. पण घर्षण कमी झाल्यामुळे तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो आणि तुटूही शकतो. आट्यांवर लावायचं तर मॅन्युअलमध्ये तसं सांगितलेलं असायला हवं. बुशच्या नळीत बसणाऱ्या बिनआट्याच्या भागावर मात्र पातळ थर चालतो.

हे विसरू नका
खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे कोणता वॉशर कुठे होता ते कळेल. मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क रेंच वापरा. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या, नाहीतर बुश कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. शेवटी नट आणि खालच्या भागावर मिळून पेंटची एक रेघ मारा. पुढे ती रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे असं समजा आणि गाडी लगेच तपासून घ्या.