रुमाल आणि पात

लिहिणाऱ्याचा वेळ वाचला म्हणजे वाचणाऱ्याचाही वाचतोच असे नाही. मोडीत कारकून शब्दांमध्ये जागा न सोडता झरझर लिहीत जाई; वाचकाला मात्र ओळ आरंभापासूनच लावावी लागते.

संगणकालाही हाच पेच पडला. डेव्हिड हफमन यांच्या १९५२ सालच्या संक्षेपपद्धतीत वारंवार येणाऱ्या अक्षराला आखूड खूण, विरळ येणाऱ्याला लांब. जागा वाचते, पण मागली खूण उलगडल्यावाचून पुढली कोठे सुरू होते ते कळत नाही. हात शंभर असोत, काम एकालाच!

घणसोलीच्या खाचरांत भातकापणीला जो तो आपली पात धरी. उपायही तसाच निघाला. फेसबुकने २०१६ साली खुल्या केलेल्या झेडस्टँडर्ड पद्धतीत या खुणांचे चार प्रवाह करता येतात. त्यांच्या सीमा सांगणारी सहा बाइटांची नोंद आरंभी असते. तेवढ्या जास्तीच्या जागेत चारही ठिकाणी उलगडा एकदम सुरू होतो.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातही कागद रुमालांत बांधलेले, म्हणूनच अनेकांना वाटून देण्याजोगे. रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली त्यांतून ४५ खंड निघाले. तरी कोट्यवधी कागद वाचायचे राहिलेच आहेत. पाती आखलेल्या आहेत. त्या धरणारे, मोडी जाणणारे हात मात्र शाळांनीच घडविले पाहिजेत.