वनस्पतींच्या अनुवर्तनाचा इतिहास आणि ठाणे खाडीतील तिवर

प्रस्तावना :
रबाळे म्हटले की नवी मुंबईतील ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा डोळ्यांसमोर येतो. त्याच्या पश्चिमेस मात्र ठाणे खाडीची दलदल असून तेथे तिवराची झाडे वाढतात. ओहोटीच्या वेळी त्यांची पेन्सिलीसारखी असंख्य मुळे चिखलातून वर आलेली दिसतात. मूळ खाली व खोड वर जाते, हा पाठ्यपुस्तकातील नियम ही मुळे मोडतात. वाढीची दिशा कशी ठरते, या प्रश्नाच्या इतिहासाचा आढावा घेऊन या अपवादाचे महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संशोधनाचा क्रम :
1806 मध्ये थॉमस अँड्र्यू नाइट यांनी पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकावर बिया रुजवल्या. मुळे चाकाच्या बाहेरच्या दिशेने, तर अंकुर केंद्राकडे वाढले. त्यावरून वाढीच्या दिशेचा संबंध गुरुत्वाकर्षणाशी असल्याचे दिसून आले. 1880 मध्ये चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबाचे टोक झाकले असता कोंब प्रकाशाकडे वळत नाही, असे दाखवले. प्रकाशाची जाणीव टोकाला होते, पण कोंब वाकतो तो त्याच्या खाली. म्हणजेच टोकाकडून काहीतरी खाली पोहोचते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

हे ‘काहीतरी’ रासायनिक आहे, याकडे बॉयसेन-येन्सेन यांच्या प्रयोगांनी लक्ष वेधले. कापलेले टोक व खोड यांच्यामध्ये जिलेटिन ठेवूनही संदेश खाली पोहोचत होता. पुढे फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांच्या टोकांतील द्रव्य अगरच्या तुकड्यांत उतरवून त्याचा परिणाम मोजला व 1928 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या संप्रेरकास ऑक्झिन हे नाव मिळाले. वेंट व खोलोद्नी यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या उपपत्तीनुसार ऑक्झिन प्रकाशाच्या विरुद्ध बाजूस, तर आडव्या अवयवात खालच्या बाजूस अधिक साचते. त्यामुळे खोडाची ती बाजू वेगाने वाढते व खोड वर वळते. मुळाची मात्र तीच बाजू मंदावते व मूळ खाली वळते. संप्रेरक एकच, परंतु परिणाम परस्परविरुद्ध!

तिवराचा पुरावा :
तिवराच्या एकाच मूळसंस्थेत तीन दिशा आढळतात. मुख्य मुळे चिखलात आडवी पसरतात, आधारमुळे खाली जातात आणि श्वसनमुळे वर येतात. चिखलात ऑक्सिजन अत्यल्प असल्याने श्वसनमुळांवरील रंध्रांतून हवा आत घेतली जाते. यावरून असे दिसते की, गुरुत्वाचा संकेत सर्व मुळांना सारखाच मिळत असला तरी त्याला द्यावयाचा प्रतिसाद त्या त्या मुळाच्या कार्यानुसार भिन्न असतो.

या क्षमतेला मर्यादाही आहे. राडारोड्याचा भराव पडून श्वसनमुळे गाडली गेली, की झाडाला एकही घाव न घालता ते गुदमरते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये व पुढे 2018 मध्ये कांदळवनांच्या नाशास प्रतिबंध करणारे आदेश दिले. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये त्यास रामसर दर्जा मिळाला.

निष्कर्ष :
अनुवर्तनाचे ज्ञान गवताच्या व ओटच्या कोंबांवरील प्रयोगांतून घडले. त्याचा एक महत्त्वाचा अपवाद रबाळ्याजवळच्या चिखलात उभा आहे. तेव्हा तिवराचे रक्षण म्हणजे केवळ झाडे न तोडणे नव्हे. त्यांच्या मुळांभोवतीचा चिखल मोकळा राखणे हेही तितकेच आवश्यक आहे.