टॉर्क आणि कोनीय त्वरण

स्थिर अक्षाभोवती फिरणाऱ्या दृढ पदार्थाचे कोनीय त्वरण त्यावरील निव्वळ टॉर्कच्या (बलाच्या परिबलाच्या) सम प्रमाणात आणि निरूढी परिबलाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे टॉर्क = निरूढी परिबल × कोनीय त्वरण. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. निरूढी परिबल म्हणजे फिरण्यापुरता जडपणा. वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितका तो अधिक. सारख्या वस्तुमानाचे व त्रिज्येचे पातळ कडे भरीव तबकडीपेक्षा त्यामुळेच फिरवायला दुप्पट जड जाते. निरूढी परिबल ही राशी लिओनार्ड ऑयलर यांनी 1765 च्या ग्रंथात मांडली.

सूत्रातला ‘निव्वळ’ हा शब्द विद्यार्थी हमखास विसरतात. तो समजायला रेल्वे इंजिनासारखे उदाहरण नाही.  झाशीजवळ खैलारला भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आहे. 1974 मध्ये पायाभरणी झालेल्या या कारखान्यात रोहित्रांबरोबर विद्युत इंजिनेही बनतात. मालगाड्या ओढणारे 5,000 अश्वशक्तीचे डब्ल्यूएजी-7 हे इथे बनलेल्या इंजिनांपैकी एक. त्याच्या सहाही आसांना स्वतंत्र मोटर असते. मोटरच्या पिनियनला 16 दाते, आसावरच्या मोठ्या गिअरला 65. घर्षणातली घट सोडली तर आसाला मोटरच्या सुमारे 4.06 पट टॉर्क मिळतो. ही वाढ फुकट मात्र नाही: मोटरचा रोटर आसाच्या 4.06 पट वेगाने फिरतो, म्हणून त्याचे निरूढी परिबल आसाच्या हिशेबात या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे सुमारे 16.5 पट धरावे लागते. गाडी सुटताना टॉर्कचा काही भाग या फिरत्या लोखंडातच खर्ची पडतो.

कर्जत-लोणावळा घाटात चढ 1:37 इतका आहे. तिथे मोटरी जिवाच्या आकांताने ओढत असतात, पण गाडी एकाच वेगाने चढत असेल तर चाकाचे कोनीय त्वरण शून्य. मोटरचा टॉर्क आणि रुळाचा उलटा टॉर्क जवळपास फिटतात.

ओल्या रुळावर चाकाची पकड सुटली की नेमके हेच गणित बिघडते. रुळाचा विरोध एकदम घटतो आणि मोटरचा उरलेला टॉर्क गाडी ओढण्याऐवजी आस, चाके व रोटर यांवरच पडतो. त्यांचे निरूढी परिबल गाडीच्या मानाने किरकोळ, त्यामुळे चाक क्षणात भन्नाट फिरू लागते. अशा वेळी चालक मोटरचा प्रवाह कमी करतो आणि चाकापुढे रुळावर वाळू सोडतो.